तीन वेळा मत बदललेला पंतप्रधान

लोकशाही राजकारणात मत बदलणाऱ्या पुढाऱ्याकडे संशयाने पाहण्याची रीत जुनी आहे आणि ती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येत नाही. मंत्रिपदासाठी किंवा वाऱ्याची दिशा पाहून मत बदलणाऱ्यांची संख्या सर्वच देशांत मोठी असते. तथापि सत्ता हाती असताना, आणि मत बदलल्यास ती जाणार हे स्पष्ट दिसत असताना, वस्तुस्थितीपुढे मान तुकवून आपली जाहीर भूमिका सोडणारा राज्यकर्ता क्वचितच आढळतो. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनचे पंतप्रधान सर रॉबर्ट पील हे अशा मोजक्या राज्यकर्त्यांपैकी एक होत. सुमारे चाळीस वर्षांच्या संसदीय कारकिर्दीत त्यांनी तीन मोठ्या प्रश्नांवर आपले मत उघडपणे बदलले : १८१९ मध्ये चलनाच्या, १८२९ मध्ये कॅथलिकांच्या हक्कांच्या आणि १८४६ मध्ये धान्यावरील जकातीच्या. तिसऱ्या खेपेस त्यांचे सरकार गेले आणि त्यांनीच उभारलेला पक्ष दुभंगला. स्वपक्षीयांनी त्यांना विश्वासघातकी ठरविले. उलट ज्यांना मताचा अधिकारही नव्हता अशा कष्टकऱ्यांनी त्यांच्या मृत्यूनंतर स्मारकासाठी पेनी-पेनी गोळा केली. या दोन निवाड्यांपैकी कोणता ग्राह्य मानावयाचा, हे ठरविण्यासाठी पील यांचे चरित्र मुळातून पाहिले पाहिजे.

कारखानदाराचा मुलगा

रॉबर्ट पील यांचा जन्म ५ फेब्रुवारी १७८८ रोजी लँकेशायर परगण्यातील बरी या गावाजवळ झाला. घराणे सरदारांचे नव्हते. आजोबा आणि वडील यांनी सूतकताई आणि चिटाच्या छपाईच्या धंद्यात अमाप पैसा मिळविला होता. वडील टॅमवर्थचे संसद-सभासद होते, आणि कापड गिरण्यांत राबणाऱ्या उमेदवार मुलांच्या संरक्षणाचा १८०२ चा कायदा त्यांच्याच प्रयत्नाने झाला. जमीनदारांच्या पक्षात एका गिरणीमालकाचा मुलगा पुढारी व्हावा, ही विसंगती पील यांच्या आयुष्याला अखेरपर्यंत चिकटून राहिली.

हॅरो येथील शाळा आणि ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. १८०८ मध्ये अभिजात भाषा आणि गणित या दोन्ही विषयांत त्यांनी पहिला वर्ग मिळविला. पुढच्याच वर्षी, एकविसाव्या वर्षी, ते आयर्लंडमधील कॅशेल या मतदारसंघातून कॉमन्स सभेत आले. हा मतदारसंघ नावापुरताच होता. मूठभर मतदार आणि वडिलांचा पैसा यांच्या बळावर ती जागा मिळाली होती. चोविसाव्या वर्षी, १८१२ मध्ये, आयर्लंडचे मुख्य सचिव म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथील सहा वर्षांत त्यांनी शांतता राखण्यासाठी स्वतंत्र दल उभारले आणि १८१७ च्या टंचाईत मदतकार्य केले. परंतु कॅथलिकांना राजकीय हक्क देण्यास त्यांचा कडवा विरोध होता. आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांच्याशी त्यांचे इतके वितुष्ट आले की १८१५ मध्ये प्रकरण द्वंद्वयुद्धाच्या आव्हानापर्यंत गेले. ते युद्ध प्रत्यक्षात झाले नाही, एवढेच.

सोने आणि कागद

पहिला मतपालट चलनाच्या प्रश्नावर झाला. फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या ताणामुळे १७९७ पासून बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबविले होते. कागदी चलन वाढले, किमती वाढल्या. डेव्हिड रिकार्डो यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी याचे खापर अतिरिक्त नोटांवर फोडले. १८११ मध्ये हा प्रश्न संसदेपुढे आला, तेव्हा तरुण पील यांनी सरकारच्या बाजूने, म्हणजेच सुवर्ण-विनिमय पुन्हा सुरू करण्याच्या विरोधात मत दिले होते. १८१९ मध्ये याच विषयावरील संसदीय समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. साक्षी ऐकल्यावर आणि आकडे तपासल्यावर आपले पूर्वीचे मत चुकीचे होते, असे त्यांनी सभागृहात सांगितले आणि सुवर्ण-विनिमयाचा कायदा स्वतः मांडला. त्या प्रसंगी विरोधात उभे राहिलेल्यांत त्यांचे वडीलही होते.

१८२१ मध्ये नोटांना पुन्हा सोन्याचा आधार मिळाला. चलनाची पत सुधारली. पण किमती उतरल्याने कर्जदार शेतकऱ्यांवरील बोजा वाढला आणि सावकारांचे फावले. पील यांच्या सुधारणांचे हे एक लक्षण पुढेही दिसते. त्यांचे गणित बहुधा बरोबर असे. त्या गणितात कोण भरडला जाईल, याचा विचार मात्र मागाहून होत असे.

१८२२ पासून ते गृहमंत्री झाले. त्या काळी इंग्लंडमध्ये दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशीची शिक्षा होती. पील यांनी विखुरलेले फौजदारी कायदे एकत्रित केले, कित्येक गुन्ह्यांची फाशी रद्द केली आणि तुरुंगांच्या कारभाराला शिस्त लावली. १८२९ मध्ये त्यांनी लंडनचे पोलीस दल स्थापन केले. लंडनच्या पोलीस शिपायाला बॉबी म्हणतात, ते रॉबर्ट या त्यांच्याच नावावरून.

कॅथलिकांचा प्रश्न

त्याच १८२९ साली दुसरा मतपालट झाला. आदल्या वर्षी आयर्लंडमधील क्लेअर परगण्याच्या पोटनिवडणुकीत ओकॉनेल निवडून आले. परंतु कॅथलिक असल्याने त्यांना कायद्याप्रमाणे संसदेत बसता येत नव्हते. त्यांना बाहेर ठेवावे तर आयर्लंडमध्ये बंडाळी माजण्याची भीती, आत घ्यावे तर कायदाच बदलला पाहिजे. पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि पील हे दोघेही कॅथलिकांच्या हक्कांचे विरोधक. तरीही कायदा बदलण्यावाचून गत्यंतर नाही, या निष्कर्षाप्रत दोघेही आले.

येथे पील यांनी एक गोष्ट केली, ती नोंद घेण्याजोगी आहे. ते त्या वेळी ऑक्सफर्ड विद्यापीठाचे प्रतिनिधी होते, आणि कॅथलिकांना विरोध हीच त्या मतदारांची त्यांच्याकडून अपेक्षा होती. ज्या मतावर आपण निवडून आलो ते मत आता आपले राहिले नाही, म्हणून त्यांनी जागेचा राजीनामा दिला आणि पुन्हा कौल मागितला. सर रॉबर्ट इंग्लिस यांनी त्यांचा १४६ मतांनी पराभव केला. वेस्टबरी या दुसऱ्या एका छोट्या मतदारसंघातून ते सभागृहात परतले आणि एप्रिलमध्ये कॅथलिकांच्या मुक्ततेचा कायदा संमत झाला. १८२९ मध्ये मतदारांपुढे पुन्हा जाण्याचा जो संकेत त्यांनी पाळला, तो १८४६ मध्ये पाळला नाही, हे येथेच ध्यानात ठेवावयास हवे.

पक्षाची उभारणी आणि प्राप्तिकर

१८३२ च्या संसदीय सुधारणा विधेयकाला पील यांनी विरोध केला. परंतु कायदा झाल्यावर तो मागे फिरविण्याचा नाद त्यांनी धरला नाही. डिसेंबर १८३४ मध्ये टॅमवर्थच्या मतदारांना उद्देशून काढलेल्या जाहीरनाम्यात त्यांनी हा नवा काळ मान्य केला आणि सिद्ध झालेल्या दोषांच्या सुधारणेस आपली तयारी असल्याचे सांगितले. जुन्या टोरी गटाचे आधुनिक हुजूर पक्षात रूपांतर झाले ते या जाहीरनाम्यापासून, असे सामान्यतः मानले जाते. त्यांचे पहिले सरकार जेमतेम चार महिने टिकले. १८४१ च्या निवडणुकीत मात्र पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले. हे बहुमत प्रामुख्याने ग्रामीण भागातून, धान्यावरील संरक्षक जकात टिकवावी असे मानणाऱ्या मतदारांकडून आले होते.

सत्तेवर येताच पील यांच्यापुढे वर्षानुवर्षे साचलेली अंदाजपत्रकी तूट होती. १८४२ मध्ये त्यांनी धाडसी उपाय योजला. युद्धकाळात बसविलेला आणि १८१६ मध्ये रद्द झालेला प्राप्तिकर त्यांनी शांततेच्या काळात पुन्हा आणला. वर्षाला १५० पौंडांपेक्षा अधिक उत्पन्नावर पौंडामागे सात पेन्स, म्हणजे शेकडा तीनहून थोडा कमी, असा त्याचा दर होता. कामगार, साधा कारकून आणि सामान्य शाळामास्तर या कराच्या बाहेर राहिले. या उत्पन्नाच्या आधारावर सुमारे १२०० जिनसांपैकी ७५० जिनसांवरील जकात कमी करण्यात आली. जकात उतरली की खप वाढतो आणि तिजोरीचे नुकसान कालांतराने भरून निघते, हा त्यांचा हिशेब खरा ठरला. १८४५ मध्ये कच्च्या कापसासह आणखी चारशेहून अधिक जिनसांवरील जकात रद्द झाली. गरिबाच्या उपभोगावरील कराचा काही भार श्रीमंताच्या मिळकतीवर सरकविण्याचे हे काम श्रीमंतांच्याच पक्षाने केले.

१८४४ च्या बँक कायद्याने बँक ऑफ इंग्लंडचे दोन विभाग झाले, एक नोटा काढणारा आणि दुसरा नेहमीचा बँक-व्यवहार करणारा. १ कोटी ४० लक्ष पौंडांपलीकडच्या प्रत्येक नोटेमागे सोने-चांदी ठेवण्याचे बंधन आले. हा नियम अतिरेकी कडक होता, हे १८४७, १८५७ आणि १८६६ च्या अरिष्टांत तो तात्पुरता बाजूला ठेवावा लागला यावरून दिसते. पील यांच्या या अर्थनीतीची छाया हिंदुस्थानवरही पडली. धान्य कायद्यांविरुद्ध प्रचार करण्यासाठी १८४३ मध्ये इकॉनॉमिस्ट हे साप्ताहिक काढणारे जेम्स विल्सन यांनीच १८६० मध्ये येथे प्राप्तिकर आणला; आणि १८६१ च्या कायद्याने सरकारी नोटा निघाल्या, त्या १८४४ च्या कायद्याच्याच धर्तीवर.

महाग पाव आणि करपलेला बटाटा

युद्ध संपताच जमीनदारांच्या संसदेने १८१५ मध्ये धान्य कायदा केला होता. देशात गव्हाचा भाव क्वार्टरला, म्हणजे सुमारे २१८ किलोंना, ८० शिलिंगांवर गेल्याखेरीज परदेशी गहू बाजारात येऊ द्यावयाचा नाही, अशी त्यात तरतूद होती. १८२८ मध्ये तिच्या जागी भावाप्रमाणे चढउतार होणारी जकात आली आणि १८४२ मध्ये पील यांनी तिचा दर बराच खाली आणला. तरीही मूळ रचना कायम होती. शहरातील कामगाराने महाग पाव खावा आणि त्यातून जमिनीचा खंड टिकून राहावा, असा तिचा अर्थ होता. मँचेस्टरमधील धान्य कायदाविरोधी संघाने, रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट यांच्या नेतृत्वाखाली, याविरुद्ध देशभर रान उठविले. कॉब्डेन यांच्या युक्तिवादाला उत्तर नाही, हे पील यांना १८४५ पूर्वीच मनोमन पटत चालले होते. पक्षापुढे मात्र त्यांनी ते बोलून दाखविले नाही.

१८४५ च्या शरद ऋतूत आयर्लंडमधील बटाट्यावर करपा पडला. लक्षावधी आयरिश कुटुंबांचे बटाटा हेच अन्न होते. पील यांनी शास्त्रज्ञांना पाहणीसाठी पाठविले आणि नोव्हेंबरमध्ये संसदेची वाट न पाहता अमेरिकेतून एक लक्ष पौंडांचा मका गुप्तपणे खरेदी करविला. सरकारी पैशाने उपाशी लोकांना धान्य पुरवावयाचे आणि त्याच वेळी बाहेरून येणाऱ्या धान्यावर जकात घ्यावयाची, ही विसंगती टिकणारी नाही, असे त्यांनी मंत्रिमंडळाला सांगितले. मंत्रिमंडळ दुभंगले. डिसेंबरात पील यांनी राजीनामा दिला; पण व्हिग पक्षाचे लॉर्ड जॉन रसेल यांना सरकार बनविता आले नाही आणि पील पुन्हा अधिकारावर आले.

जानेवारी १८४६ मध्ये त्यांनी धान्यावरील जकात तीन वर्षांत जवळजवळ संपुष्टात आणण्याची योजना मांडली. त्यांच्याच बाकांवरून बेंजामिन डिझरायली आणि लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी त्यांच्यावर अनेक महिने घणाघाती हल्ला चढविला. १५ मे रोजी विधेयक ३२७ विरुद्ध २२९ मतांनी संमत झाले. हे बहुमत विरोधी बाकांचे होते. हुजूर पक्षाच्या सुमारे दोन-तृतीयांश सभासदांनी आपल्याच पंतप्रधानांविरुद्ध मत दिले. वेलिंग्टन यांनी आपले वजन खर्चून ते उमरावांच्या सभेतून पार पाडले. २५ जून रोजी उमरावांची मान्यता मिळाली आणि त्याच रात्री कॉमन्स सभेत आयर्लंडविषयक दुसऱ्या एका विधेयकावर बंडखोरांनी विरोधकांशी हातमिळवणी करून सरकार पाडले. २९ जूनला पील पायउतार झाले. जाताना त्यांनी या सुधारणेचे श्रेय स्वतःकडे न घेता कॉब्डेन यांना दिले.

आयर्लंडचा हिशेब

या कथेचा शेवट येथेच केला तर ती सोयीस्कर होईल, पण अपुरी राहील. ज्या दुष्काळाच्या निमित्ताने कायदा रद्द झाला, त्या दुष्काळातील माणसे त्यामुळे वाचली नाहीत. जकात टप्प्याटप्प्याने १८४९ पर्यंत उतरावयाची होती. शिवाय बटाटा गेलेल्या आयरिश कुळाजवळ स्वस्त धान्य घेण्यापुरताही पैसा नव्हता. अन्न बाजारात असणे आणि ते मिळविण्याची ऐपत माणसाजवळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये आपल्या दुष्काळविषयक ग्रंथात सविस्तर दाखविले. आयर्लंडने ते १३५ वर्षे आधी भोगले. पहिल्या हिवाळ्यात पील यांनी मका आणि सरकारी कामे यांच्या साह्याने मृत्यू बऱ्याच अंशी रोखले. ही मदत जकात-कपातीहून अधिक उपयोगी ठरली. १८४६ चे पीक जवळजवळ पूर्ण बुडाले, तेव्हा ते सत्तेवर नव्हते. रसेल सरकारने बाजारात हस्तक्षेप न करण्याचे तत्त्व कवटाळले. एकंदर दहा लक्षांच्या आसपास माणसे उपासमारीने व रोगांनी मेली आणि तितक्याच लोकांना किंवा त्याहून अधिकांना देश सोडावा लागला.

खुल्या व्यापाराच्या सिद्धान्ताला पील यांनी जे स्थान मिळवून दिले, त्याची दुसरी बाजू हिंदुस्थानने पाहिली. ब्रिटनने खुला व्यापार स्वतःच्या संसदेत, स्वतःच्या हिताचा हिशेब करून स्वीकारला. हिंदुस्थानवर तो लादला गेला. एका देशाच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्र सर्व देशांना सारखेच लागू पडत नाही, असे न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात मांडले, त्यामागे हाच अनुभव होता.

दोन निवाडे

पदत्यागानंतर पील चार वर्षे जगले. १८५० च्या जून महिन्याच्या २८ तारखेला ते कॉमन्स सभेत शेवटचे बोलले. दुसऱ्या दिवशी लंडनमधील कॉन्स्टिट्यूशन हिलवर त्यांच्या घोड्याने त्यांना पाडले आणि २ जुलै रोजी वयाच्या ६२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपल्या सेवेबद्दल कुटुंबीयांनी सरदारकी घेऊ नये, अशी त्यांची इच्छा होती आणि पत्नीने ती पाळली.

विश्वासघाताचा आरोप सहज झटकून टाकता येण्यासारखा नाही. १८४१ मध्ये संरक्षणाच्या आशेवर मते देणाऱ्यांना विचारल्यावाचून पील यांनी संरक्षण मोडीत काढले. स्वस्त पाव विरुद्ध महाग पाव अशी निवडणूक झाली तर वर्गावर्गांत वैर पेटेल, ही त्यांची भीती खोटी नसेलही. पण १८२९ मध्ये ऑक्सफर्डच्या मतदारांना त्यांनी जो मान दिला तो या वेळी दिला नाही. त्याहून मोठा दोष असा की, त्यांचे मन अनेक वर्षे बदलत होते आणि त्या प्रवासात त्यांनी अनुयायांना सोबत घेतले नाही. स्वतःची खात्री पटल्यावर त्यांनी पक्षाला निर्णय कळविला. पक्षाने याची जबर किंमत मोजली. १८७४ पर्यंत, म्हणजे २८ वर्षे, हुजूर पक्षाला कॉमन्समध्ये बहुमत मिळाले नाही. ग्लॅडस्टन यांच्यासारखे पील यांचे सर्वोत्तम सहकारी पुढे उदारमतवादी पक्षात गेले.

असे असूनही दुसरा निवाडा अधिक वजनदार ठरतो, याची कारणे त्यांच्या वर्तनातच आहेत. मत बदलण्याची कारणे त्यांनी दर वेळी सभागृहात उघडपणे मांडली. मत बदलून त्यांना काही मिळाले नाही. १८२९ मध्ये जागा गेली, १८४६ मध्ये पंतप्रधानपद गेले. आणि शेवटच्या बदलाचा लाभ झाला तो ज्यांच्याजवळ त्यांना देण्यासारखे मतही नव्हते अशा कामकऱ्यांना. विशेष म्हणजे त्यांना विश्वासघातकी म्हणणाऱ्या डिझरायलींच्या पक्षाने सहाच वर्षांनी, १८५२ मध्ये सत्तेवर असताना, धान्यावरील संरक्षणाचा आग्रह निमूटपणे सोडून दिला. तो मतपालट कोणाच्या फारसा स्मरणात राहिला नाही, कारण त्यासाठी कोणी काही गमावले नव्हते. मत बदलणाऱ्या राज्यकर्त्याला पारखताना त्याने ते किती वेळा बदलले यापेक्षा ते बदलण्याची किंमत कोणी मोजली, हे विचारणे अधिक न्यायाचे ठरेल.